माझ्या आईची हिस्टरी

४ ऑगस्ट

भिंगरे,

फार्माकॉलॉजीच्या चाचणीत तू नापास झालीस हे वाचून फार वाईट वाटलं, असं मी लिहायला हवं. पण खोटं कशाला लिहू? थोडं बरं वाटलं. गेलं वर्षभर आईच्या प्रत्येक पत्रात तुझी आरती चालू आहे. भिंगरी किती हुशार, भिंगरी किती कामाची, भिंगरीमुळे घर कसं भरल्यासारखं वाटतं. आणि हल्ली ती पत्रंही तुझ्याच अक्षरात येतात! आई सांगते आणि तू लिहितेस म्हणे. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हाताने लिहून घेताना लाज नाही वाटत का गं?

मी इकडे हॉस्टेलात, डेंटलच्याच इंटर्नशिपच्या वर्षात, उभ्याउभ्या दिवस काढतेय. तू माझ्या घरात, माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर कोपरं टेकून बसलीयस. तुझं डेंटल कॉलेज आमच्या घरापासून जवळ, म्हणून काकांनी तुला तिथे ठेवलं, त्याला माझी ना नव्हती. बाबा गेल्यापासून आई एकटी होती, तिला सोबत होईल असं मीच म्हटलं होतं. सोबत म्हटलं होतं, मुलगी नव्हे.

असो. अभ्यास. तू नापास झालीस कारण तू औषधांची नावं पाठ करतेस. नावं तर औषधाच्या दुकानातल्या कपाटालाही पाठ असतात. प्रत्येक औषधाला दोनच प्रश्न विचारायचे. शरीर या औषधाचं काय करतं? आणि औषध या शरीराचं काय करतं? तोंडातून घेतलेली गोळी आतड्यातून रक्तात शिरते, पण अंगभर फिरण्याआधी तिला यकृतातून जावं लागतं. यकृत तिचा बराचसा भाग तिथेच मोडून टाकतं. म्हणून एकच औषध गोळीतून द्यायचं तर जास्त लागतं आणि सुईतून द्यायचं तर कमी. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात, त्यावरून दिवसातून किती वेळा द्यायचं ते ठरतं. आणि काही औषधांची शरीराला सवय होते, मग तेवढ्याच डोसाने काही वाटेनासं होतं. तुझ्या बडबडीची आईला अजून कशी सवय झाली नाही, हे मात्र मला विज्ञानाने सांगता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. आधीच काय चालू आहे ते विचारल्याशिवाय पेशंटला काहीही द्यायचं नाही. दोन औषधं एकमेकांना भेटली की काय करतील याचा नेम नसतो. पेशंट पहिल्यांदा 'काही घेत नाही' असंच म्हणतो. तीनदा विचारायचं, तीन तऱ्हांनी. हिस्टरी घेणं म्हणतात ते हेच. दातवाल्यांना हे कशाला हवं, असं तुमच्या वर्गात सगळ्यांना वाटत असेल. दाताला माणूस जोडलेला असतो, बाई!

आणि आईला सांग, पत्र स्वतःच्या हाताने लिही म्हणावं. दोन ओळीही चालतील.

ताई


१३ ऑगस्ट

पूज्य गुरुमाउली ताईस, तुझ्या खोलीतून, तुझ्याच टेबलावरून,

मी नापास झाल्याचा तुला आनंद झाला ना? मग माझं नापास होणं वाया गेलं नाही. तुझं पत्र मी काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. सोबत आणि मुलगी या वाक्यावर ती म्हणाली, 'लहानपणापासून अशीच आहे ती. ताटातला घास कुणी उचलला की आधी रडायची आणि मग मोजायची.' आम्ही दोघी खूप हसलो.

तुझे दोन प्रश्न मला एकदम पटले. आमच्या मॅडमनी महिनाभर शिकवून जे डोक्यात शिरलं नाही ते तू एका पानात शिरवलंस. आता ऐक गंमत. हिस्टरी कशी घ्यायची याचा सराव मला काकू देते. रोज जेवणं झाली की ती शिवणाच्या मशीनशेजारच्या खुर्चीत बसते आणि पेशंट होते. काय नाटकं करते गं! परवा भांडखोर बाई झाली. 'तुम्हाला काय करायचंय माझ्या गोळ्यांशी? तुम्ही दात बघा!' काल इतकी लाजाळू झाली की प्रत्येक उत्तर पदराआड. मी तू सांगितलंस तसं तीनदा विचारलं. आणि तिसऱ्या वेळी काय झालं कोण जाणे, काकू नाटकातून बाहेर आली आणि मला खरंच काहीतरी सांगून बसली. काय ते विचारू नकोस. शपथ घातलीय तिने. ते आमचं दोघींचं आहे.

बाकी माझं इथे फार चालतं बरं का. सुईत दोरा मी ओवायचा, बटणं मी लावायची, चहा कपात मीच ओतायचा. 'तुझा हात हलका आहे,' म्हणते. पत्रांचं विचारलंस, तर तिला म्हणे लिहायचा कंटाळा येतो. तू रागावू नकोस.

एक काळजी आहे. काकूची उजवीकडची खालची दाढ दुखतेय. गेल्या आठवड्यात गाल सुजला होता. आमच्या ओपीडीत दाखवू या म्हणतेय.

तुझी शिष्या,
भिंगरी


२१ ऑगस्ट

भिंगरे,

'आमचं दोघींचं.'

हे दोन शब्द मी किती वेळा वाचले असतील, सांगत नाही. माझ्या आईचं आणि तुझं, दोघींचं, असं काही असू शकतं हेच मला नवीन आहे. काय सांगितलं तिने? बाबांचं घड्याळ तुला देणार आहे? माझी खोली कायमची तुझी? की मी परत आले नाही तरी चालेल असं ठरलंय तुमचं? पेशंटने सांगितलेलं बाहेर बोलू नये हे खरं, पण ती तुझी पेशंट नाहीये. ती खेळातली पेशंट आहे. आई मात्र खरीच आहे आणि ती माझी आहे.

हो, माझ्या पोटात दुखतंय. लिहूनच टाकते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको. तू दोरा ओवतेस हे वाचून दुखलं. चहा ओततेस हे वाचून दुखलं. मला कधी चहा ओतू दिला नाही तिने, सांडशील म्हणायची. आणि आता तुझा हात हलका! मी दिवसभर लोकांच्या तोंडात सुया घालते, एकाची तक्रार नाही, आणि हात कुणाचा हलका तर भिंगरीचा.

तर आता नीट ऐक. त्या दाढेला तुमच्या ओपीडीतल्या कुणीही हात लावायचा नाही. सूज उतरायची औषधं तेवढी तिथून घ्या, आणि बरं वाटलं म्हणून ती मधेच सोडू देऊ नकोस. दाढ मी काढणार. ती माझी दाढ आहे.

तुझ्या परीक्षेत येईल म्हणून लिहिते. सूज आणि पू असतो तिथलं पाणी आंबट झालेलं असतं. अशा जागी भुलीचं औषध नसेच्या आत शिरू शकत नाही. कितीही सुया टोचा, पेशंट ओरडणारच. म्हणून सूज उतरेपर्यंत थांबायचं, किंवा दुखऱ्या जागेपासून लांब, नस जिथून येते तिथे भूल द्यायची. आणि भुलीत अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. ते तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे भूल जागच्या जागी टिकते आणि रक्तही कमी येतं. डोस वजनावरून ठरवायचा, पेशंटच्या ओरडण्यावरून नव्हे.

आईला इकडे पाठव. एकटीला.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

मी फेरपरीक्षेत पास झाले. पहिलाच प्रश्न होता, सूज असताना भूल का लागत नाही. तुझं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. मॅडमनी विचारलं, 'हे कुठल्या पुस्तकातलं?' मी म्हटलं, घरचंच आहे.

काकूची सूज पुष्कळ उतरलीय. शनिवारच्या गाडीने ती निघतेय. मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाली. 'मला तिला एकटीला भेटायचंय,' म्हणाली. नवी साडी काढलीय. तुझ्यासाठी स्वेटर घेतलाय, विकतचा, त्यावरून मला काही बोलू नकोस.

आता एक गोष्ट, आणि ताई, पाया पडते, यावरून चिडू नकोस. काकू तुला स्वतः काहीतरी सांगणार आहे. तसं तिने मला कबूल केलंय. ती सांगेपर्यंत तू सुरू करू नकोस. ती विसरली किंवा टाळायला लागली तर तू विचार. मला शिकवलंस तसंच विचार, तीनदा. शपथेमुळे मला याहून जास्त लिहिता येत नाही.

विचारशील ना?

भिंगरी


१२ सप्टेंबर

भिंगरे,

आई आज सकाळच्या गाडीने निघाली. सुखरूप आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मला चांगलं समजलंही होतं. समजलं ते असं, की माझ्या आईशी कसं बोलायचं हे आता मला भिंगरी शिकवणार. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पत्र घडी करून उशीखाली टाकलं.

आईला खुर्चीत बसवलं. केसपेपरवर 'चालू औषधं' असा रकाना असतो, तिथे मी न विचारता रेघ मारली. माझ्या आईची हिस्टरी मी कशाला विचारू? तिला काय आवडतं, कशाने खाज येते, कुठल्या कुशीवर झोपते, सगळं मला ठाऊक. आई म्हणाली, 'अगं, थांब जरा. भिंगरीने मला बजावलंय की आधी तुला—' मी म्हटलं, 'आई, आज या खोलीत भिंगरीचं नाव काढायचं नाही.' मग तिने तोंड उघडलं ते फक्त दाढेसाठी.

आत अजून थोडी सूज होती. पहिली भूल नीट चढली नाही. मी दुसरी दिली. चिमटा लावला की ती आवंढा गिळायची, म्हणून तिसरी दिली. तुला शहाणपणाने जे लिहिलं होतं त्यातलं काही म्हणजे काही मला आठवलं नाही. ही दाढ आज माझ्या हातून निघाली पाहिजे, एवढंच डोक्यात. थोड्या वेळाने आई म्हणाली, 'डोकं फुटतंय गं.' चेहरा पांढरा फटक. ब्लडप्रेशर बघितलं तर पारा चढतोच आहे, आणि नाडी मात्र इतकी सावकाश, की मला वाटलं माझंच मोजताना चुकतंय. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट उठून पळाला.

आमच्या विभागाचे सर आले. त्यांनी मला काही विचारलंच नाही. आईकडे वाकून म्हणाले, 'रोज कुठली गोळी घेता?' आणि आईने पटकन नाव सांगितलं. प्रोप्रॅनोलॉल. सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं.

तुझ्या परीक्षेसाठी हेही लिहून ठेव. अ‍ॅड्रेनलिन काही रक्तवाहिन्या आवळतं आणि काही सैल करतं, म्हणून एरवी तोल राहतो. ही गोळी सैल करणारं दार बंद करून ठेवते. मग उरतं नुसतं आवळणं. दाब वर चढतो आणि घाबरून हृदय मंदावतं. एका सुईने बहुतेकांना काही होत नाही. मी तीन दिल्या होत्या. सर तिच्या उशाशी बसून राहिले. अर्ध्या-पाऊण तासाने दाब आपोआप उतरला. तोवर माझी काय अवस्था झाली होती ते लिहीत नाही. नंतर सगळ्यांसमोर सर म्हणाले, 'परक्या बाईला विचारलं असतंत ना? मग स्वतःच्या आईला का नाही विचारलंत?' उत्तर होतं माझ्याकडे. ते तुझं नाव होतं, म्हणून दिलं नाही.

दाढ तीन दिवसांनी सरांनी काढली, अ‍ॅड्रेनलिन नसलेली भूल देऊन. मी ट्रे धरून उभी होते.

आता माझा प्रश्न. तुला माहीत होतं. गोळीचं नाव लिहायला काय झालं होतं? शपथ मोडली असतीस तर आभाळ कोसळलं असतं का? माझी आई गेली असती, भिंगरे! शिव्या मी स्वतःलाही देतेय, त्यातल्या निम्म्या तुला.

आणि ती गोळी कशासाठी, हे मी आता तीनदा विचारलं. तिन्ही वेळा 'ब्लडप्रेशर' म्हणाली. ब्लडप्रेशर कुणी लपवतं का? दोन वर्षं ती काहीतरी घेतेय. तुला सांगितलं आणि मला नाही. मी सुट्टीत येते, तिच्या कुशीत झोपते, तरी नाही. एवढी काय परकी झाले मी?

ताई


२० सप्टेंबर

ताई,

मी शपथ मोडतेय. गाडीतून उतरल्यावर काकूने तिकडचं सगळं सांगितलं, आणि मी रात्रभर नाही, पण बराच वेळ रडले. नाव लिहायला हवं होतं. हजारदा हवं होतं. गोळीचं नाव खुर्चीत बसल्याबसल्या ताईला सांगायचं आणि कारण विचारलं तर ब्लडप्रेशर म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं. मी तिच्यावर सोपवून मोकळी झाले. आणि खरं सांगू? तुला माहीत नसलेलं काहीतरी मला माहीत आहे, याचा मला रुबाब वाटत होता. तू माझ्यावर जळतेस हे मला आवडत होतं.

ती गोळी ब्लडप्रेशरची नाही. काकूचे हात कापतात.

गोळीने पुष्कळ आवरतं. पण सुईच्या भोकात दोरा जात नाही, भरलेला कप धरता येत नाही, आणि अक्षर तर बघवत नाही. म्हणून पत्रं मी लिहायची. हलका हात वगैरे काही नाही गं माझा, काकांचं जुनं कपाट हलवताना मी दोन बशा फोडल्या. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे रक्तातून येतं. काकूच्या वडिलांना होतं, तुझ्या मामाला आहे. मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी-निम्मी.

हे तिने मला त्या खेळात सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, 'आणखी काही घेता का हो, बाई?' तर म्हणाली, 'घेते. पण माझ्या मुलीला कळता कामा नये. ती दिवसभर हातात सुई धरते. तिला कळलं तर ती पेशंटच्या तोंडात बघायचं सोडून स्वतःच्या हाताकडे बघत बसेल. नसलेला कंप आणेल ओढून.' मी म्हटलं, 'मग काकू, मला कसं सांगितलंस? मीही सुईच धरणार आहे.' तर काय म्हणाली माहितेय? 'तू त्यांच्याकडची ना. माझं रक्त तुझ्यात कुठे आहे? तुला सांगितलं तर तुझं काय बिघडणार?'

इतक्या सहज म्हणाली, ताई. तिला कळलंही नाही मला काय लागलं ते. मला वाटत होतं, मी या घरची झाले. मी रोज हिस्टरी घेत होते, आणि त्या हिस्टरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत तूच होतीस. ताटातला घास अजून तुझाच आहे. जळायचं असेल तर आता मी जळते.

तुला हे लिहून मी बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. पण तुझ्यापासून काही लपवून काय होतं ते एकदा बघितलंय.

भिंगरी


२९ सप्टेंबर

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी पहिलं काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. दार लावलं आणि दोन्ही हात समोर धरले. कापत होते. मग लक्षात आलं, सकाळपासून पोटात काही नव्हतं. खाऊन आले, पुन्हा धरले. तेव्हा नाही कापले. त्यानंतर आठवडाभर मी हेच करतेय. पेशंट तोंड उघडून बसलेला आणि माझं लक्ष माझ्या बोटांकडे. सर दोनदा ओरडले. आई मला किती ओळखते, बघ! दोन वर्षं एवढ्यासाठीच तिने तोंड शिवून घेतलं होतं.

सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, उतरलं तर वय झाल्यावर उतरेल, कदाचित कधीच नाही, आणि आजचे हात आजच्या पेशंटसाठी आहेत. हे ऐकून सुया धरायला लागलेय पुन्हा. भीती गेली असं मात्र म्हणत नाही.

तुला लागलं ते मला कळलं. मलाही लागलंय. तुझ्यापाशी तिला मन मोकळं करता येतं आणि माझ्यापाशी नाही. ते माझ्यावरच्या जिवापायीच आहे हे समजतं गं, पण दुखायचं राहत नाही. माझ्याबद्दल बोलायला तिला कुणीतरी परकं हवं होतं आणि तिला तू मिळालीस. 'परकं' हा शब्द मी खोडणार होते. नाही खोडत. तुलाही थोडं दुखू दे.

आता शपथ. ही माझ्या बाजूची. मला कळलंय हे आईला कळता कामा नये. ती मला 'ब्लडप्रेशर' सांगेल आणि मी ऐकून घेईन, गोळी चुकवू नकोस म्हणून दटावेन. पत्रं तूच लिही. मी आता तिच्या अक्षराचा हट्ट धरणार नाही. आपण मुलीला वाचवलं, असं वाटत असेल तिला, तर वाटू दे. एवढ्या कामासाठी मला जगात फक्त तू लागतेस. मी ही गोष्ट दात-ओठ खाऊन लिहितेय.

आणि आपली इतकी पत्रापत्री कशावरून चालते, असं तिने विचारलं तर सांग, ताई अजून माझ्यावर जळते म्हणून. ते काही खोटं नाही.

ताई